१९६५-६६ ची व्ही-८ मस्टँग: ऑटोमॅटिक काढून पाच गिअरचा मॅन्युअल कसा बसवायचा

जुन्या मस्टँगला मॅन्युअल करायचं ठरलं की सगळ्या चौकशा गिअरबॉक्सभोवती फिरतात. कुठला घ्यावा, कुठे मिळेल, किती किलोमीटर चाललेला असेल. खरं तर या कामात गिअरबॉक्स हा सगळ्यात सरळ भाग आहे. काम अडतं ते त्याच्या आजूबाजूला: डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून बदलाव्या लागणाऱ्या पेडलांत, बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या) केसभर फरकात, चुकीच्या तोलाच्या फ्लायव्हीलमध्ये (इंजिनामागच्या जड चाकामध्ये) आणि ऑटोमॅटिक मागे सोडून जातो त्या नळ्या-तारांमध्ये. म्हणून या लेखात जागाही त्याच हिशेबाने वाटली आहे.

इथे एकच जोडी धरली आहे. गाडी १९६५ किंवा १९६६ ची, इंजिन २८९ घनइंची व्ही-८, म्हणजे ४.७ लिटर. निघणार तो फोर्डचा तीन गिअरचा सी-४ ऑटोमॅटिक. बसणार तो ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटर मस्टँगमधला टी-५. सहा सिलिंडरच्या मस्टँगला हे जसंच्या तसं लागू नाही. तिची बेलहाउसिंग वेगळी आणि मागचा ऍक्सलही नाजूक.

पाना हातात घेण्याआधी

ड्रायव्हरच्या दारावरची माहितीपट्टी वाचा. गिअरबॉक्सच्या रकान्यात ६ असेल तर गाडी कारखान्यातूनच सी-४ घेऊन निघाली आहे. १ म्हणजे तीन गिअरचा मॅन्युअल, ५ म्हणजे चार गिअरचा. इंजिनाचं अक्षर गाडीच्या क्रमांकात असतं: सी म्हणजे दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचं २०० अश्वशक्तीचं, ए म्हणजे चार नळ्यांचं २२५ चं, के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं खास इंजिन. के आणि ६ एकाच पट्टीवर दिसले, तर माझं मत स्पष्ट आहे: त्या गाडीला हात लावू नका. ते इंजिन ऑटोमॅटिकसह १९६६ मध्येच मिळू लागलं आणि तशा गाड्या फार थोड्या आहेत. सी-अक्षराच्या गाड्या मात्र भरपूर निघाल्या. हा उद्योग त्यांच्यावर करावा.

दुसरी तपासणी इंजिनाच्या पाठीची. मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ ला. त्या पहिल्या काही महिन्यांतल्या व्ही-८ इंजिनांना बेलहाउसिंग पाच बोल्टांनी लागते, ऑगस्ट १९६४ पासूनच्या इंजिनांना सहा बोल्टांनी. ५.० लिटरची बेलहाउसिंग सहा बोल्टांचीच आहे, त्यामुळे ती २८९ वर सरळ बसते. साठ वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं. पट्टीवर विसंबू नका, खाली वाकून बोल्ट मोजा.

तिसरी तपासणी डिफरन्शियलच्या गुणोत्तराची, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या किती वेढ्यांत मागची चाकं एकदा फिरतात त्याची, आणि ती सगळ्यात जास्त लोक टाळतात. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, पुढच्या चाकांना अडण्या लावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून उचललेलं चाक बरोबर दोन वेढे फिरवा. शाफ्टचे जेवढे वेढे झाले तेच गुणोत्तर. (मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल असेल तर ही रीत चालत नाही.)

ऑटोमॅटिक मस्टँगमध्ये बहुधा २.८० किंवा ३.०० निघतं. टी-५ चा पाचवा गिअर ०.६८ चा आहे. २.८० ला ०.६८ ने गुणलं की १.९० येतं, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला जेमतेम १,५५०-१,६०० फेऱ्यांवर. कागदावर हे छान दिसतं, पण एवढ्या कमी फेऱ्यांवर २८९ ला जोर नसतो; थोडा चढ आला की चौथ्यात यावं लागतं आणि पाचवा गिअर शोभेचा उरतो. ३.२५ चं गुणोत्तर असेल तर त्याच वेगाला सुमारे १,८०० आणि ३.५५ ला सुमारे २,००० फेऱ्या पडतात. माझी पसंती ३.२५ ला आहे. महामार्गावर जास्त आणि घाटात कमी जाणाऱ्याला तीच पुरते. तेव्हा ऍक्सलचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.

टी-५ घेताना

टी-५ नावाचे गिअरबॉक्स कित्येक गाड्यांत गेले आणि सगळे सारखे नाहीत. आपल्याला १९८५ ते १९९३ च्या ५.० लिटर मस्टँगचा हवा. त्याचे गिअर ३.३५, १.९३, १.२९, १.०० आणि ०.६८. १९८३-८४ चे आतून जुन्या बांधणीचे आहेत. चार सिलिंडरच्या मस्टँगमधल्या टी-५ चा पहिला गिअर फार खालचा आहे आणि तो व्ही-८ चा पीळ (टॉर्क) झेपायला केलेलाच नाही. १९९४-९५ च्या व्ही-८ मधल्याचा इनपुट शाफ्ट लांब आहे, तो आपल्या बेलहाउसिंगशी जुळत नाही. मागच्या भागाच्या एका बोल्टाखाली १३५२ ने सुरू होणारा क्रमांक ठोकलेली पत्र्याची चकती असते. तिच्यावरून बॉक्स नेमका कुठल्या गाडीचा ते कळतं. चकती नसलेला गिअरबॉक्स विकणाऱ्याच्या शब्दावर घेऊ नये.

ताकदीबद्दल दोन शब्द. १९८५-८९ च्या बॉक्सची मर्यादा २६५ पौंड-फूट, १९९०-९३ ची ३०० पौंड-फूट. आणि चार नळ्यांच्या २८९ चा जाहीर पीळच ३०५ होता! पण साठच्या दशकातले आकडे पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर यांचा भार बाजूला ठेवून उघड्या इंजिनावर मोजलेले असत. चाकांपर्यंत त्यातलं बरंच कमी पोचतं. मूळ अवस्थेतल्या इंजिनाला आणि माणसासारख्या हाकणाऱ्याला टी-५ पुरतो. रुंद चिकट टायर लावून सिग्नलवरून झेपावणाऱ्याने वजनदार बॉक्स बघावा.

बाकीची यादी: ५.० लिटरची बेलहाउसिंग आणि तिचा क्लच फोर्क, इंजिन व बेलहाउसिंगच्या मधला पत्रा, १५७ दात्यांचं फ्लायव्हील, १०.५ इंची डायाफ्राम क्लच, रिलीज बेअरिंग, पायलट बुश, टी-५ साठीचा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारा आडवा आधार), मॅन्युअल गाडीचं पेडल असेंब्ली, मॅन्युअलचा स्टार्टर आणि फ्लायव्हीलचे बोल्ट. ऑटोमॅटिकच्या फ्लेक्सप्लेटचे (फ्लायव्हीलच्या जागी असणाऱ्या पातळ चकतीचे) बोल्ट आखूड असतात, ते परत वापरायचे नाहीत.

यादीतल्या फ्लायव्हीलपाशी थांबा. २८९ इंजिनाचा तोल २८ औंस-इंचाच्या बाह्य वजनावर धरलेला आहे. ऐंशीच्या दशकातल्या ५.० इंजिनाचा ५० वर. दोन्ही फ्लायव्हीलं दिसायला सारखी, दाते सारखे, भोकंही तीच. गिअरबॉक्ससोबत 'जोडीला घ्या' म्हणून मिळालेलं फ्लायव्हील हटकून ५० चं असतं. ते लावलं तर गाडी सुरू होईल, चालेलही, पण वेग वाढला की सगळी गाडी थरथरेल आणि इंजिनाची बेअरिंगं झिजू लागतील. १५७ दात्यांचं, २८ औंसचं फ्लायव्हील वेगळं मागवा आणि हातात आल्यावर त्यावरचा क्रमांक पडताळा.

सी-४ उतरवणं

बॅटरी सोडा. गाडी चारही बाजूंनी पक्क्या स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जाऊ नये, दोन मिनिटांसाठीही नाही. तेल गिअरबॉक्सच्या पॅनमधून आणि कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं काम करणाऱ्या तेलाच्या डब्याचा) प्लग काढून त्यातूनही काढा. तरी थोडं सांडतंच, जुने कपडे घाला.

प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी त्याच्या आणि डिफरन्शियलच्या जोडावर एकसारखी खूण करा. मग स्पीडोमीटरची केबल, गिअर लिव्हरची कांडी, कार्ब्युरेटरकडून येणारी किकडाउनची (पूर्ण जोर दिल्यावर खालचा गिअर पाडणारी) कांडी, रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या दोन नळ्या, व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकच्या भागाची) नळी आणि स्टार्टर सोडवा. कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला चार नटांनी धरलेला असतो; पुढून क्रँक (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) हाताने फिरवत एकेक नट समोर आणून सोडा. इंजिनाच्या ऑइल पॅनखाली लाकडाची फळी ठेवून जॅकचा आधार द्या, मग क्रॉसमेंबर आणि शेवटी बेलहाउसिंगचे सहा बोल्ट. कन्व्हर्टर गिअरबॉक्ससोबतच मागे सरकला पाहिजे, फ्लेक्सप्लेटला लटकत राहता कामा नये. हे सगळं धूड पन्नास किलोच्या पुढचं आहे. छातीवर घेऊन उतरवायचा पराक्रम करू नका, गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने आणा.

फ्लेक्सप्लेट निघाली की क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल गळतं का ते बघा. २८९ चं हे सील दोन तुकड्यांचं आहे, ते ऑइल पॅन आणि मागची बेअरिंग टोपी काढूनच बदलता येतं. गळत असेल तर बदलाच. नवा क्लच तेलात भिजवण्याची हौस कुणाला असेल तर गोष्ट वेगळी.

क्रँकपासून गिअरबॉक्सपर्यंत

ऑटोमॅटिक गाडीच्या क्रँकच्या टोकाला खोबण असते, पण पायलट बुश नसतो. टी-५ च्या इनपुट शाफ्टचं टोक या बुशात टेकून फिरतं. सच्छिद्र कांस्याचा बुश घ्या, रात्रभर इंजिन तेलात बुडवून ठेवा आणि सपाट ठोकणीने सरळ आत बसवा. तिरका गेला तर तो काढून नवा घ्यावा. ठोकून सरळ केलेला बुश पुढे आवाज करतो.

नंतर मधला पत्रा, मग फ्लायव्हील. फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं या इंजिनात आरपार क्रँककेसमध्ये उघडतात, म्हणून आट्यांना सीलंट लावावंच लागतं. बोल्ट ताऱ्याच्या आकारात, दोन-तीन टप्प्यांत, ७५ ते ८५ पौंड-फुटांपर्यंत म्हणजे सुमारे १०० ते ११५ न्यूटन-मीटर आवळा.

आता ती पायरी, जी बरेच गॅरेजवाले करत नाहीत आणि ज्यामुळे चांगले गिअरबॉक्स वर्षभरात कुरकुरू लागतात. नुसती बेलहाउसिंग इंजिनाला लावा, क्लच न बसवता. चुंबकी पायाचा डायल गेज फ्लायव्हीलला चिकटवा आणि त्याची सुई बेलहाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने पूर्ण एक वेढा फिरवा. सुई कमीत कमी आणि जास्तीत जास्त कुठे गेली, त्यातलं अंतर म्हणजे एकूण वाचन. केंद्र जितकं सरकलेलं असतं त्याच्या दुप्पट हे वाचन येतं. केंद्राची चूक ०.००५ इंचाच्या आत हवी, म्हणजे एकूण वाचन ०.०१० इंचापर्यंत, सुमारे पाव मिलिमीटर, चालतं. एका कारखान्यात १९६५ ला ओतलेलं इंजिन आणि दुसरीकडे १९८९ ला ओतलेली बेलहाउसिंग कुणी एकत्र छिद्रलेली नाहीत. वाचन जास्त आलं तर नवल नाही.

जास्त आलं तर ब्लॉकमधल्या, बेलहाउसिंगची जागा ठरवणाऱ्या दोन डॉवेल पिना काढून त्यांच्या जागी केंद्र सरकवलेल्या पिना बसवायच्या. त्या ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचांच्या मिळतात. दोन्ही पिना एकाच दिशेला वळवा, पुन्हा लावा, पुन्हा मोजा. कंटाळवाणं आहे. पण गिअर नीट न पडणं, चौथ्यातून आपोआप न्यूट्रलला येणं, पायलट बुश खाल्ला जाणं या सगळ्या तक्रारींचा माग काढला की पुष्कळदा याच भोकापाशी येतो. बेलहाउसिंगचा मागचा सपाट चेहराही याच गेजने तपासून घ्या.

हे जमलं की पुढचं सरळ. बेलहाउसिंग उतरवा, क्लच प्लेट मधोमध धरणारं प्लॅस्टिकचं हत्यार घालून प्रेशर प्लेट लावा, बेलहाउसिंग परत चढवा, फोर्क आणि रिलीज बेअरिंग बसवा. क्लच प्लेट एक पूर्णांक एक सोळांश इंची, दहा खाचांची हवी. टी-५ चं वजन साधारण ३४ किलो. दोन माणसं तो सहज वर घेतात. शेवटचा बोटभर फट राहून अडला तर बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह होतो. ओढू नका. क्लच प्लेट मध्यावर नाही किंवा शाफ्टच्या खाचा जुळलेल्या नाहीत एवढाच त्याचा अर्थ. गिअरमध्ये टाकून मागचं टोक किंचित फिरवलं की तो आपण होऊन आत जातो.

तेलाबाबत एक ठाम सूचना. १९८५ नंतरच्या या टी-५ मध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ लाल तेल जातं, साधारण २.६ लिटर, भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत. 'मॅन्युअल आहे म्हणजे गिअर ऑइल' या सवयीने जाड तेल ओतलं तर थंडीत गिअर पडत नाहीत आणि सिंक्रो रिंगांचं (गिअर न करकरता पडावा म्हणून असलेल्या कड्यांचं) अस्तर खराब होतं.

क्रॉसमेंबर टी-५ साठी तयार मिळतो आणि मूळ भोकांतच बसतो. प्रोपेलर शाफ्टची गोष्ट सुखाची: सी-४ आणि टी-५ दोघांचाही मागचा शाफ्ट २८ खाचांचा, त्यामुळे जुना योक (प्रोपेलर शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) चालतो. लांबी मात्र गाडी चाकांच्या भारावर उभी असताना मोजा. योक पूर्ण आत ढकलून मग दोन ते अडीच सेंटिमीटर मागे ओढल्यावर जी लांबी येईल, ती बरोबर. फरक निघाला तर शाफ्ट कापून, जोडून, तोल करून देणाऱ्याकडेच न्या.

गिअर लिव्हरसाठी मधल्या उंचवट्याचा पत्रा थोडा कापावा लागतो. बॉक्स पूर्ण बसल्यावर, खालून खूण करून, लागेल तेवढाच कापा.

पेडलं आणि क्लचची जोडणी

ऑटोमॅटिक गाडीच्या पेडल-आधाराला क्लचचं पेडल टांगायची सोय नसते, म्हणून सगळं असेंब्लीच बदलायचं. ते ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या बोल्टांनी फायरवॉलला आणि वर स्टिअरिंग कॉलमला धरलेलं असतं. कॉलमचे बोल्ट सोडून तो सीटवर गादी ठेवून तिच्यावर टेकवा. पुढची सीट आधीच काढून टाकलीत तर पाठ दुआ देईल. जुनं असेंब्ली मिळालं असेल तर त्यातले प्लॅस्टिकचे बुश झिजलेले असणारच. त्या जागी रोलर बेअरिंगचा संच घाला, कारण एकदा बसवल्यावर परत तिथे जाण्याची इच्छा कुणालाच होत नाही. ब्रेक पेडलचा रुंद रबर जाऊन अरुंद येतो, तोही याच संचात.

इथवर आलाच आहात तर आणखी एक. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये ब्रेकला एकच सर्किट आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७ पासून फोर्डने दुहेरी मास्टर सिलिंडर दिला. सिलिंडर हातात सुटा असताना तो दुहेरी करून न घेणं मला समजत नाही.

क्लच दाबण्याचे तीन मार्ग आहेत. मूळ गाडीत इंजिन आणि चासीच्या मध्ये फिरणारा झेड आकाराचा दांडा होता. तो ठेवायचा तर जुनी मॅन्युअल बेलहाउसिंग आणि टी-५ साठीची जोडपट्टी घ्यावी लागते. मूळपणा जपणाऱ्यांसाठी हा मार्ग उत्तम. पण एक्झॉस्टचे लांब नळ्यांचे हेडर लावलेले असतील तर दांड्याला जागा उरत नाही. दुसरा मार्ग केबलचा. ५.० च्या बेलहाउसिंगचा फोर्क मुळातच केबलने ओढायचा आहे, म्हणून आपल्या जोडीला हाच सगळ्यात साधा. केबल एक्झॉस्टपासून लांब न्या आणि फायरवॉलवर जिथे ती टेकते तिथे आतून जाड पत्र्याचा आधार द्या, नाहीतर दर दाबाला फायरवॉलचा पत्रा लवतो आणि पुढे तडकतो. तिसरा हायड्रॉलिक. पेडल मऊ लागतं, पण गळती झाली तर बेअरिंगसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवा. मी केबलच्या बाजूचा.

मूळ पेडलाला एक जाड मदतनीस स्प्रिंग असते. ती जुन्या, तीन बोटांच्या जड क्लचसाठी दिलेली होती. डायाफ्राम क्लचसोबत ती ठेवली तर पेडल खाली जाऊन तळालाच चिकटून बसतं. काढून टाका. पेडलाचा मोकळा खेळ साधारण एक इंच ठेवा.

ऑटोमॅटिकने मागे ठेवलेलं

इनटेक मॅनिफोल्डवर मॉड्युलेटरच्या नळीचं तोंड उघडं राहिलं तर इंजिन हवा खातं, आयडल डगमगतं आणि माणूस दिवसभर कार्ब्युरेटर उघडत बसतो. पहिलं काम म्हणजे त्यावर टोपी. रेडिएटरच्या तेलाच्या दोन तोंडांना प्लग लावा; आतला कूलर पाण्यापासून वेगळा असतो, त्यामुळे पाणी गळत नाही. किकडाउनची कांडी कार्ब्युरेटरवरूनही काढा, आणि आयडल नव्याने लावा.

ऑटोमॅटिक लिव्हरखालच्या स्विचमधून दोन कामं होत असत: पार्क किंवा न्यूट्रल असेल तरच स्टार्टर, आणि मागचे पांढरे दिवे. स्टार्टरच्या दोन तारा बहुतेक जण एकमेकींना जोडून मोकळे होतात. त्याने गाडी सुरू होते हे खरं, पण गिअरमध्ये असतानाही होते. त्याऐवजी पेडलाजवळ क्लचचा स्विच बसवून तारा त्यातून न्या. मागच्या दिव्यांच्या तारा टी-५ च्या रिव्हर्स स्विचला जोडा. याच बॉक्सवर न्यूट्रलचा दुसरा स्विचही असतो, त्याची गल्लत करू नका.

स्टार्टर बदलण्याचं कारण असं की ऑटोमॅटिक आणि मॅन्युअलच्या स्टार्टरचं तोंड वेगवेगळ्या खोलीचं असतं. जुनाच ठेवला तर दाते अर्धवट अडकतात आणि फ्लायव्हीलची रिंग चावली जाते.

स्पीडोमीटरच्या छोट्या गिअरचे दाते काढायचं सूत्र: बॉक्सच्या आतल्या ड्राइव्ह गिअरचे दाते गुणिले ऍक्सलचं गुणोत्तर गुणिले टायरचे दर मैलाचे वेढे, भागिले १,०००. सात दात्यांचा ड्राइव्ह गिअर, ३.२५ आणि सुमारे ८०० वेढे धरले तर १८ येतात.

भारतात हे करणाऱ्यांसाठी एक इशारा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे २०२१ चे केंद्रीय नियम चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नसावेत अशी अट घालतात, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांना लागू होतं. पत्रा कापण्याआधी आरटीओत लेखी विचारून घ्या.

पहिली फेरी

स्टँडवर असतानाच, मागची चाकं हवेत ठेवून, इंजिन सुरू करून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. रिव्हर्स करकरत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, केबल ताणा. मग रस्त्यावर, हळू. ठरावीक वेगाला थरथर आली तर गाडी थांबलेली असताना, न्यूट्रलमध्ये, त्याच फेऱ्यांवर इंजिन नेऊन बघा: तेव्हाही थरथर आली तर फ्लायव्हील, नाही आली तर प्रोपेलर शाफ्ट किंवा त्याचा कोन. पहिले आठशे किलोमीटर शहरातच चालवा, क्लच बसू द्या, पूर्ण जोर देऊ नका. त्यानंतर बेलहाउसिंगचे आणि क्रॉसमेंबरचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा आणि केबलचा खेळ तपासा. नवी केबल थोडी ताणलेली असते.

काढलेला सी-४, कन्व्हर्टर, पेडल आणि लिव्हर विकू नका. तेल भरून, तोंडं बंद करून, गाडीचा क्रमांक लिहून ठेवा. उद्या गाडी विकायची झाली तर घेणारा पहिला प्रश्न त्यांचाच विचारतो.